लेकरू कुणाच्या डोळ्यात?

आक्का, भांडण अर्ध्यात टाकून उठायची तुमची रीत नव्हती. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून सकाळी सुरू झालेलं भांडण तुम्ही दिवे लागेपर्यंत ओढत न्यायच्या, मग "बरं बाई, तुझंच खरं" म्हणायच्या, आणि ताट वाढून घेताना हळूच "पण मीठ जास्तच होतं" एवढं जोडायच्या. हौदाच्या झाकणाचं आपलं भांडण तसंच पडून आहे. माझं बोलून झालंय. आता तुमची पाळी आहे आणि तुम्ही बोलत नाही. असं असतं का कुठं?

घरात माणसं येतात, भिंतीला टेकून बसतात, डोळे पुसतात. सगळ्यांचं एकच. "पुण्याईची बाई. सवाष्ण गेली, कुणाला पाणी मागितलं न्हाई, बसल्या जागी गेली." शेजारून आलेल्या चहाचे कप गोळा करत मी ऐकून घेते. बसल्या जागी गेली म्हणतात, पण कुठं बसली होती ते एकही जण विचारत नाही. विचारलं तर माझ्याच्यानं सांगवणार नाही, म्हणून बरंही वाटतं आणि रागही येतो. तुम्हाला माहीतच आहे माझा राग.

मी पाथरीहून या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा तुम्ही इथं जुन्या झाल्या होत्या. थोरली जाऊ म्हणजे सासूच्या वरची सासू, असं आईनं बजावून पाठवलं होतं. पहिल्याच सकाळी तुम्ही माझा हात धरून मला अंगणात नेलंत. मला वाटलं देव दाखवतील, तुळस दाखवतील. तुम्ही हौदावरचा पत्रा सरकवलात आणि म्हणालात, "हे बघून ठेव. घरात साप असला की नव्या माणसाला दाखवून ठेवावा, तसं दाखवायलेय." आत काळंशार पाणी, माझंच तोंड दिसत होतं. मी मनात म्हटलं, ही बाई जरा तऱ्हेवाईकच दिसतेय.

तुम्ही गंगाकाठच्या. गोदावरीला तुम्ही कधी गोदावरी म्हटलं नाही. आमची गंगा म्हणायच्या, जशी काही ती तुमची माहेरची भावजय. चालायच्या आधी पोहायला शिकले असं सांगायच्या आणि मी म्हणायची, फेका अजून. आमचं हे गाव पालमच्या बाजूचं, कोरडवाहू. नदी नाही. ओढा म्हणजे पावसाळ्यातले चार दिवस. नळाला पाणी येईल तेव्हा येईल, म्हणून दर अंगणात जमिनीबरोबर हौद, आणि हौदाभोवती टिपाडं, घागरी, बादल्या. अलीकडं शेतात शेततळी झाली, आतून काळा गुळगुळीत कागद अंथरलेली. तुम्ही म्हणायच्या, "आमच्या गावाला गंगंचं भ्या होतं म्हणून लेकरं जगायची. या गावाला पाण्याचं नुसतं कौतुक हाय. भ्या कुणालाच न्हाई."

तेव्हा कुणी कान दिला नाही. मग पलीकडच्या गल्लीतल्या सुमनच्या घरी जावळ निघालं.

जावळ तिच्या धाकट्याचं होतं. थोरली लेक दोन वर्षांची, नवा फ्रॉक घालून या मांडीवरून त्या मांडीवर फिरत होती. अंगण बायकांनी गच्च. त्या लेकराचा गालगुच्चा घेतला नाही अशी एक बाई तिथं नव्हती, आणि ते हौदात पडताना पाहिलं अशीही एक नव्हती. आवाज झालाच नाही. बुडणारं लेकरू आरडत नसतं, गपकन जातं, हे तुम्ही पुढं शंभरदा सांगितलंत, तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. तुम्हीच हौदात उतरून तिला वर दिलंत. एकानं तिला डोक्यावर धरून गरागरा फिरवलं. कुणीतरी म्हणालं, मिठात ठेवा, मीठ अंगातलं पाणी ओढून घेतंय, लेकरू उठून बसतंय. दुकानातून मिठाची पोती आली. तो नवा फ्रॉक मिठात पुरला आणि सगळं गाव भोवती वाट बघत बसलं. तुम्ही ओल्या लुगड्यानं ओरडत होत्या, "दवाखान्यात न्या रे, मीठ काय करतंय, दवाखान्यात न्या!" आणि दोघींनी तुम्हाला दंडाला धरून मागं ओढून बसवलं होतं. का, तर लेकरावर तुमची सावली नको.

तुम्हाला मूलबाळ नव्हतं. वर डोळे घारे. आमच्याकडं एवढं पुरतं.

तुम्ही कितीतरी दिवस धड जेवल्या नाहीत. मग एका सकाळी उठून उपकेंद्रातल्या सिस्टरकडं गेलात, आणि तोंडानं वारा कसा भरायचा, छाती कशी दाबायची ते बाहुलीवर शिकून आलात. परत आलात ते मनाशी काहीतरी ठरवूनच. मी भाकरी थापत होते. तुम्ही चुलीसमोर बसून म्हणालात, "कमल, अंगणात एवढ्या बाया होत्या म्हणूनच लेकरू गेलं. सुमन एकटी असती तर गेलं नसतं. समद्यांनी बघायचं म्हणजे कुणीच बघायचं न्हाई."

त्या दिवशी तुम्ही रीत घातलीत. लेकराजवळून उठायचं असेल तर दुसरीचं नाव घेऊन, तिच्या तोंडाकडं बघून म्हणायचं, "लेकरू तुझ्या डोळ्यात." तिनं हातातलं काम थांबवायचं आणि म्हणायचं, "माझ्या डोळ्यात." एवढं कानानं ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही. 'हूं' चालायचं नाही. मान डोलावलेली चालायची नाही. 'हो हो, जा की' म्हटलं तर तुम्ही परत पहिल्यापासून सुरू करायच्या. बाया वैतागायच्या. तुम्ही म्हणायच्या, "एसटीतून पाणी प्यायला खाली उतरताना शेजारणीला पिशवी बघा म्हणून सांगता का न्हाई? ती हो म्हणंपर्यंत उतरत न्हाई. आन् लेकरू खुशाल कुणाला न सांगता टाकून जाता!"

मग बाया ते शब्द म्हणायच्या. पण लेकरू तुमच्या डोळ्यात द्यायचं म्हटलं की बायांचा पाय अडायचा. आधी त्या लेकराच्या गालाला काजळाची तीट लावायच्या, मग द्यायच्या. तुम्हाला ते दिसायचं. आपल्या सासूबाई, आत्याबाई, त्यांचं तर ठरलेलंच. तुम्ही माझ्या लेकाला दिवसभर सांभाळलंत की संध्याकाळी त्या मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकणार. पुढं माझ्या लेकाचा लेक, ओम, झाला तरी तेच. आत मीठ तडतडायचं आणि तुम्ही ओसरीवर ज्वारी निवडत बसलेल्या असायच्या. एकदाच बोललात. "मीठ चांगलं तडतडायलंय गं आज. नजर लय कडक लागली वाटतं." आणि हसलात. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. बाहेर येऊन तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती ती सांगितली नाही. आज सांगते. ज्या ज्या लेकराकडं तुम्ही त्या घाऱ्या डोळ्यांनी दिवस दिवस बघत बसलात, ते एकूण एक लेकरू आज चालतंय, बोलतंय, शाळेत जातंय.

तुमच्यामुळं मला खाली मान घालावी लागली ते विसरले नाही म्हणा. पालमच्या कार्यालयातलं ते लग्न! मंगलाष्टकं सुरू, सगळ्यांच्या हातात अक्षता, भटजींनी सूर वर नेलेला, आणि तुम्ही खुर्चीवर चढून उभ्या. "थांबा ओ! त्या पिवळ्या फ्रॉकातली पोरगी कुणाच्या डोळ्यात हाय?" भटजींचा सूर तुटला. नवरदेवाचा मामा धावत आला. "बाई, काय तमाशा लावलाय? मुहूर्त टळायलाय!"

"मुहूर्त दुसरा मिळंल," तुम्ही म्हणालात, "पोरगी मिळायची न्हाई."

शोधाशोध झाली, तर पोरगी आचाऱ्याच्या मागं बुंदीच्या टोपल्याशी बसून दोन्ही हातांनी खात होती. सगळं कार्यालय खो खो हसलं. नवरीसुद्धा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टोपल्याच्या पलीकडं पाण्याची टाकी उघडी होती हे मात्र कुणी बघितलं नाही. तुम्ही बघितलंत, झाकलीत आणि गप येऊन बसलात. परतीच्या एसटीत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही पदराच्या टोकाला गाठ मारून बुंदी बांधून आणली होती. ती गाठ सोडून तुम्ही माझ्यापुढं धरत होत्या आणि मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. गाव दिसायला लागल्यावर खाल्ली. पदराचा वास लागलेली, निम्मी चुरा झालेली. तशी बुंदी पुन्हा मिळाली नाही.

अंगणवाडी माझी, सेविका मी, पण लेकरं विचारायची, "आक्का कवा येणार?" कारण तुम्ही आलात की खेळ असायचा. अर्धी कापलेली जुनी टाकी, त्यात माझ्या गुडघ्याएवढं कोमट पाणी. एकेका लेकराला आडवं निजवून तुम्ही डोक्याखाली हात धरायच्या. "हात-पाय झाडू नको. तोंड वर. आभाळ बघ. ढग हाय का? कसा हाय?" लेकरू ढगाचा विचार करायला लागलं की अंग सैल सोडायचं, आणि तुम्ही हात हळूच काढून घ्यायच्या. लेकरू पाण्यावर तरंगत ढगाचं वर्णन सांगायचं, ससा हाय, म्हस हाय, आज्जी हाय. तपासणीला आलेल्या मॅडमनी दारातून विचारलं, "काय चाललंय इथं?" तर सगळ्यांनी एका सुरात ओरडून सांगितलं, "आभाळ बघायलाव!" मॅडम पण बाहेर येऊन वर बघायला लागल्या.

मोठ्या पोरांना वेगळं. घरोघरची जुनी लुगडी मागून आणायची, त्यांची वेणी घालायची, टोकाला रिकामा कॅन बांधायचा, आणि दर शेततळ्याच्या खांबाला एक वेणी अडकवायची. "दोस्त पडला तर उडी मारायची न्हाई. कागदावरून पाय निसटतोय, पट्टीचा पोहणारा बी वर येत न्हाई. पालथं पडायचं आन् लुगडं फेकायचं." गडी माणसं चिडवायची, "आक्का, शेताला लुगडी नेसवायलाव का?" तुम्ही म्हणायच्या, "हां, आन् चोळी तुमी शिवा." मागच्या उन्हाळ्यात वरच्या आळीचं पोरगं घसरलं तेव्हा सोबतची पोरं पालथी पडली आणि लुगडं फेकलं. पोरगं वर आलं, थरथरत, वेणी घट्ट धरलेली. त्याच्या आईनं घरी जाऊन नारळ देवाला फोडला. तुम्हाला काही म्हणाली नाही. तुम्ही म्हणालात, "बरोबर हाय की. देवाचंच काम हाय." मला मात्र त्या बाईच्या घरी जाऊन चार शब्द सुनवावे असं वाटत होतं, तुम्हीच अडवलंत.

आणि मग झाकण. ओम चालायला लागला तशी मी हट्टाला पेटले. आपल्या हौदावरचा पत्रा हलका, म्हणून तुम्ही त्यावर दगड ठेवायच्या. मला लोखंडी झाकण पाहिजे होतं, बिजागरीचं, कडी-कोयंड्याचं. लोहाराशी बोलूनही आले होते. तुम्ही म्हणालात, "कर की. पण झाकण आलं की माणसाचे डोळे जातात. एक दिवस कुणीतरी पाणी काढून उघडंच ठेवतंय. झाकण असू दे, पण झाकणावर माणूस पाहिजे."

"म्हणजे काय, उभा जन्म झाकणावर बसायचं?"

"लेकरू मोठं हुईपर्यंत बसायचं. कुणाची ना हाय?"

"आन् तुमी नसल्यावर? मग कोण बसंल?"

तुम्ही तोंड उघडलं तेवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी कापूस वेचायला निघालेल्या बायांना हाक मारली, आणि तुम्ही बघायला गेलात. ते भांडण तिथंच राहिलं. दुसरा दिवस उजाडला तो तोच, तुम्ही गेलात तो.

वेचणीचे दिवस. तुमचे थोरले, माझे मालक, लेक, सून, सगळी शेतात. आत्याबाई मारुतीच्या पारावर. अंगणवाडीला निघताना मी रीतीप्रमाणं तुमच्यापुढं उभी राहिले. "आक्का, ओम तुमच्या डोळ्यात." तुम्ही हातातला झाडू खाली ठेवलात. "माझ्या डोळ्यात. जा तू." मी गेले. मागं वळून बघितलं नाही. तुम्ही ते शब्द बोललात की मागं बघायची गरज कधी पडलीच नाही.

दुपारी दार लोटलं तर तुम्ही अंगणाच्या मधोमध, उन्हात, हौदाच्या पत्र्यावर बसलेल्या. मी दारातूनच ओरडले, "उन्हात काय बसलाव हो, येड लागलं का?" तुमची मान गुडघ्यावर टेकलेली. डोक्यावरून कधी ढळला नाही तो पदर डोक्यावर नव्हता. तो खाली आला होता, त्याचं टोक ओमच्या कमरेच्या करदोड्यातून ओवलेलं, आणि त्याला गाठ. दुहेरी, पिळून घातलेली. ओम त्या पदराएवढ्या अंतरात फिरून फिरून दमला होता. गालावर रडल्याचे ओघळ वाळलेले. हातात पळी घेऊन तो पत्रा वाजवत होता आणि तुम्हाला म्हणत होता, "आक्का, उठ."

बाजूला अर्धी भरलेली बादली होती. पत्र्यावर ठेवायचा दगड भिंतीशी तसाच. सगळं माझ्यासमोर लिहून ठेवल्यासारखं होतं. तुम्ही पाणी काढत होत्या, हौद उघडा होता, तेव्हा छातीत कळ आली. लेकरू उचलून दारापर्यंत जायचं बळ राहिलं नाही. पत्रा ओढून घेतलात, पण दगड उचलेना. मग दगडाच्या जागी तुम्ही बसलात. आणि बसल्यावर कळलं असेल की शुद्ध जाईल, म्हणून त्याला बांधून घेतलंत. बोलावून आणलेले डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर. लेकरू सोडून एकट्या दारापर्यंत गेल्या असत्या तर, आक्का. रस्ता तिथंच आहे. कुणीतरी भेटलंच असतं.

शेजारची अन्सा दुसऱ्या दिवशी येऊन माझ्यासमोर बसली आणि कपाळ बडवून घ्यायला लागली. तिनं तुमची हाक ऐकली होती. भिंतीपलीकडं ती भाकरी करत होती. तुम्ही विचारलंत, "कोण हाय गं? लेकरू कुणाच्या डोळ्यात?" ते तुमचं रोजचंच. तिनंही रोजच्यासारखं, पिठाचा हात न थांबवता, हसत उत्तर दिलं, "तुमच्याच डोळ्यात की आक्का, दुसऱ्या कुणाच्या!"

"मग?" मी विचारलं.

"मग आक्का म्हणल्या, बरं."

"आजून?"

"आजून कायी न्हाई. बरं म्हणल्या."

माझ्या हातात कप होता तो तिच्या अंगावर फेकावा असं वाटलं. देवाशप्पथ वाटलं. पण ती ज्या तऱ्हेनं रडत होती, तसं घरातलंही कुणी रडलं नव्हतं. सगळं गाव तुम्हाला तसंच उत्तर द्यायचं, ती एकटी नव्हती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. पण ते 'बरं' माझ्या कानातून जात नाही. कसं म्हणालात ते? रागानं? का नेहमीसारखं, झोळी शिवायला दिली तर घ्यावी तसं?

त्या दुपारी तुम्हाला हौदावरून उचलायची वेळ आली तेव्हा त्या गाठीवरून कालवा झाला. जित्या लेकराचा करदोडा मेल्या माणसाच्या पदराला, बाया घाबरून मागं सरल्या. एक म्हणाली करदोडा कापा, दुसरी म्हणाली लेकराचा करदोडा कापायचा नसतो, लुगडं फाडा. थोरले विळा घेऊन आले. तुमच्याकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "तिनं बांधलीय. सुटंल कशी?" त्यांच्या हातातला विळा मी काढून घेतला. खाली बसले आणि दातानं सोडवायला लागले. ओमला सुनेनं धरलं होतं. तुमच्या पदराला हौदाच्या पाण्याचा वास होता, आणि मला ती एसटीतली बुंदी आठवली. बुंदीची गाठ तुम्ही अलगद मारायच्या. ही मात्र सुटू नये म्हणूनच मारली होती. गाठ सुटली तेव्हा माझ्या तोंडाला रक्त आलं. त्या वेळी मला बोलायचं होतं, तुमच्या कानाशी, ते दोनच शब्द. भोवती एवढा आक्रोश होता, मला बोलता आलं नाही.

मग तुम्हाला आंघोळ घातली. त्यासाठी पाणी हौदातूनच काढलं. सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, खणानारळानं ओटी भरली. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. गावच्या झाडून सगळ्या बाया. तीट लावणाऱ्या, नारळ फोडणारी, सुमन, सगळ्या. माणसं तिरडीला हात घालणार एवढ्यात माझी नजर बायांच्या पायांतून गेली आणि मला हौद दिसला. पत्रा बाजूला पडलेला. हौद सताड उघडा. सून तुमच्या पायावर पडून रडत होती. ओम तिच्याजवळ नव्हता.

आक्का, मला कळलं नाही मी काय करतेय. मी तुमच्या उशाशी उभी राहून ओरडले, पालमच्या लग्नात तुम्ही ओरडल्या होत्या तशी. "थांबा! ओम कुणाच्या डोळ्यात हाय?"

गडी माणसं तिरडीला हात लावून तशीच वाकलेली राहिली. मी हौदाकडं धावले, पाण्यात बघितलं. माझंच तोंड दिसलं, पहिल्या दिवशी दिसलं तसं. सुमननं माझ्या मागून येऊन पत्रा ओढला आणि ती त्यावर बसली. कुणी हसलं नाही. कुणी मुहूर्ताचं नाव काढलं नाही.

तेव्हा ओसरीच्या कोपऱ्यातून आत्याबाईंचा आवाज आला. ओम त्यांच्या मांडीवर होता. त्याच्या करदोड्यात त्यांच्या पदराचं टोक ओवलेलं, जशी तुम्ही गाठ मारली होती तशीच. ज्या बाईनं उभ्या जन्मात ते शब्द तोंडातून काढले नव्हते, तुमच्या रीतीला खुळचटपणा म्हणून हिणवलं होतं, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या डोळ्यात. उचला आता माझ्या सुनंला."

त्यानंतर तुम्हाला नेलं. त्या संध्याकाळी आणि त्यानंतरही आत्याबाईंनी मीठ ओवाळलं नाही.

दहाव्याला कावळा लगेच शिवला म्हणे. थोरले तुमच्या गंगेवरून आले आणि सांगितलं, पिंड ठेवला न ठेवला तोच. लोक म्हणाले, बाई तृप्त गेली, मनात काही राहिलं नाही. लोकांना काय, कावळ्यालाही काय माहीत. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाला तुम्हाला खरं उत्तर मिळालंच नव्हतं. तुम्ही ते ओझं घेऊन बसलात तशाच गेलात.

आज लोहार झाकण बसवून गेला. बिजागरीचं, कडीचं, दोघांना उचलावं लागेल असं. ओम माझ्या पदराला बांधलेला आहे, पळीनं ते लोखंड वाजवतोय, आवाज तुमच्या पत्र्यापेक्षा मोठा येतो म्हणून खूश आहे. मधूनच थांबतो आणि झाकणाकडं बघून विचारतो, "आक्का?" मी काय सांगू त्याला? मी त्याच झाकणावर बसून हे लिहितेय. म्हणजे बरं आक्का, तुमचंच खरं. झाकणावर माणूस पाहिजे. पण झाकण लोखंडीच पाहिजे होतं.

आता एवढंच राहिलंय. भिंतीपलीकडून आलेलं ते उत्तर धरू नका. उत्तर द्यायचं होतं ते मी, आणि मी तिथं नव्हते. रीतीप्रमाणं हातातलं काम थांबवून द्यायचं असतं, म्हणून हा पेन खाली ठेवतेय.

आक्का, ओम माझ्या डोळ्यात. जा तुमी.